लॅपटॉपवर जुना टीव्ही गेम खेळायचाय, एम्युलेटर कुठला घेऊ?

रंकाळा_काठी

नमस्कार मंडळी. दिवाळीत भाऊ मस्कतहून येतोय आणि आमचं दोघांचं ठरलंय की लहानपणीचे टीव्ही गेम परत खेळायचे, म्हणजे तो कॅसेट घालायचा डबा असायचा ना, काँट्रा, टँक, सर्कस, मारिओ, तो. डबा कधीच भंगारात गेला. घरी लॅपटॉप आहे, आय३ चौथ्या जनरेशनचा, ८ जीबी रॅम, विंडोज १०, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

नेटवर एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करून तिचे गेम लॅपटॉपवर चालवणारं सॉफ्टवेअर, शोधलं की ढीगभर नावं येतात आणि प्रत्येक जण वेगळंच सांगतो. रेट्रोआर्क टाकून बघितलं तर त्यात कोअर काय, कंटेंट काय, मेनूतच हरवायला होतं. मग दुसरा एक साधा एम्युलेटर टाकला, त्यात मारिओ लगेच चालला, पण काहीतरी खटकतंय. पळतो जास्त जोरात, म्युझिक घाईघाईत वाजतं आणि आवाज पण आपल्या डब्यासारखा नाही, जरा वेगळाच येतो. भावाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तो पण पटकन म्हणाला, हा आपला मारिओ नव्हे. आमच्या दोघांच्या आठवणीत एकच घोळ असेल असं मला वाटत नाही.

तर विचारायचंय ते असं, सगळ्याला एकच एम्युलेटर घ्यावा की प्रत्येक कन्सोलला वेगळा? टेकन ३ साठी प्लेस्टेशन १ चा एम्युलेटर हा लॅपटॉप ओढेल का? आणि व्हिडिओ गेम पार्लरमध्ये खेळायचो तो मुस्तफा? सविस्तर सांगितलंत तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

खटपट्या

दादा, माझं मत सरळ आहे. सुरुवातीला प्रत्येक कन्सोलला वेगळा एम्युलेटर घ्या. वेगळा घेतला की फाइल उघडली, बटणं सेट केली, खेळायला बसलात. रेट्रोआर्क वाईट नाही अजिबात, पण तो स्वतः एम्युलेटर नाहीच, तो एक सांगाडा आहे आणि त्यात वेगवेगळे एम्युलेटर कोअर म्हणून बसवायचे असतात, त्यामुळे नवीन माणसाला एका वेळी दोन गोष्टी शिकाव्या लागतात.

आपल्या कॅसेटवाल्या डब्यासाठी, म्हणजे निन्टेंडोच्या फॅमिकॉम किंवा एनईएससाठी, मेसेन घ्या. मूळ मशीनच्या इतका जवळ जाणारा दुसरा माझ्या तरी बघण्यात नाही, आणि नव्या मेसेनमध्ये सुपर निन्टेंडो, गेम बॉय, गेम बॉय अ‍ॅडव्हान्स, सेगा मास्टर सिस्टीम पण चालतं. पहिल्यांदा उघडताना डॉट नेट नावाचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर मागू शकतो, ते मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून टाका. तुमच्या आय३ ला हे सगळं सहज झेपेल. सुपर निन्टेंडोच हवा असेल तर स्नेस९एक्स अजून हलका आहे. कुणी झेडस्नेस सांगितलं तर नको म्हणा, त्याचं १.५१ व्हर्जन २००७ चं आहे, तेव्हाच्या कमी ताकदीच्या पीसीवर पळावं म्हणून त्यात बऱ्याच गोष्टी अंदाजे केलेल्या आहेत, शिवाय मुद्दाम बिघडवलेली गेम फाइल उघडली तर ती तुमच्या मशीनवर नको ते चालवू शकते असं दाखवून झालेलं आहे. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सला एमजीबीए, पीएसपीला पीपीएसएसपीपी, हे दोन्ही डोळे झाकून घ्या.

प्लेस्टेशन १ ला डकस्टेशन. चौथ्या जनरेशनच्या आय३ वर टेकन ३ मस्त चालतो, रिझोल्युशन दुप्पट केलं तरी. प्लेस्टेशन २ चा मात्र नाद या लॅपटॉपवर सोडा, पीसीएसएक्स२ चालू होईल, साधेसुधे गेम चालतीलही, पण मोठे गेम रडतखडत चालणार आणि तुमची सुट्टी सेटिंग करण्यात जाणार.

आणि एक, डाउनलोड फक्त त्या त्या एम्युलेटरच्या मूळ साइटवरून करा. सर्चमध्ये सगळ्यात वर येणाऱ्या जाहिरातीवाल्या साइटवर तेच नाव घेऊन भलतंच काहीतरी गळ्यात मारतात.

मारिओ पळतो का जास्त, ते आवाजाचं काय, हे मला नीट सांगता येणार नाही. सोल्डरकाका इथे येतात, ते सांगतील.

सोल्डरकाका

आलो. रंकाळावाले, तुमच्या भावाचे कान शाबूत आहेत. तुम्ही दोघं जे ऐकताय ते खरं आहे आणि त्याचं कारण हार्डवेअरमध्ये आहे. नव्वदच्या दशकात सांगलीत माझं टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं, हे डबे रोज टेबलावर यायचे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

जपानचा फॅमिकॉम १९८३ चा, अमेरिकेत तोच एनईएस नावाने १९८५ ला आला. दोन्हीकडे टीव्ही एनटीएससी, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र. आपल्याकडे टीव्ही पाल सिस्टीमचे, सेकंदाला ५० वेळा. आता या जुन्या गेमचं सगळं घड्याळ चित्रावर चालतं. एक चित्र काढून झालं की मारिओ एक पाऊल सरकतो, म्युझिकचा पुढचा सूर लागतो, शत्रू हलतो. म्हणजे चित्रं ६० च्या जागी ५० झाली की गेम सहातला एक भाग हळू होतो. आपण सगळे त्या हळू मारिओवर वाढलो. तुमचा एम्युलेटर तुम्हाला जपानी-अमेरिकन ६० चा मारिओ दाखवतोय, म्हणून तो पळत सुटल्यासारखा वाटतो.

मग एम्युलेटरमध्ये पाल लावलं की झालं? नाही, इथेच खरी गंमत आहे. निन्टेंडोने युरोपसाठी जो अधिकृत पाल एनईएस काढला त्यात प्रोसेसरचा वेग पण खाली आणला होता, १.७९ मेगाहर्ट्झच्या जागी १.६६. त्यामुळे तिथे म्युझिक हळू तर होतंच, वर सूरही साधारण अर्धा स्वर खाली उतरतो. आणि टायमिंग बदलल्यामुळे काही जपानी कॅसेट त्याच्यावर नीट चालायच्या नाहीत. आपल्याकडे आले ते बहुतेक डबे निन्टेंडोचे नव्हेत, नकला होत्या, आणि त्या बनवणाऱ्यांना जपानी कॅसेट जशाच्या तशा पाल टीव्हीवर चालवायच्या होत्या. त्यांनी डोकं असं लढवलं की प्रोसेसर १.७७ वर ठेवला, म्हणजे जपानी वेगाच्या जवळजवळ तेवढाच, आणि चित्राच्या खाली रिकाम्या ओळी वाढवल्या. एनटीएससीला एका चित्रात २६२ ओळी, इथे ३१२. त्या वाढीव ओळींमध्ये चित्र काढणारी चिप नुसती वाट बघत बसते आणि गेमला पत्ता पण लागत नाही. म्हणून आपल्या डब्यात सूर वर-खाली होत नाही, फक्त चाल संथ होते. हाच प्रकार रशियात डेंडी नावाने १९९२ पासून विकला गेला आणि तिकडच्या लोकांनी त्याचा इतका अभ्यास केला की एम्युलेटरमध्ये या मशीनचं नावच डेंडी पडलंय.

मेसेनमध्ये सेटिंगला जा, एनईएस, त्यात रीजन आहे, तिथे ऑटो असेल ते काढून डेंडी करा. पाल नको, डेंडी.

आता आवाज. या डब्याच्या प्रोसेसर चिपमध्येच आवाजाचे दोन चौकोनी लहरींचे चॅनल असतात, त्यावर मुख्य धून वाजते. लहर किती वेळ वर राहते आणि किती वेळ खाली यावर आवाजाचा पोत ठरतो, पातळ नाकातला की भरीव. तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिप ज्या बऱ्याच नकली डब्यांत असायच्या त्यात २५ टक्के आणि ५० टक्के या दोन सेटिंगची अदलाबदल झालेली होती. म्हणजे जिथे गेमने पातळ आवाज मागितला तिथे भरीव वाजायचा आणि उलट. सूर तोच, पण वाद्य बदललेलं. हेच तुमच्या कानाला लागतंय. मेसेनच्या एनईएस ऑडिओ सेटिंगमध्ये ड्यूटी सायकल, म्हणजे हीच दोन सेटिंग, स्वॅप करायचा एक पर्याय आहे, जुन्या क्लोनची, म्हणजे नकली डब्यांची, नक्कल म्हणून मुद्दाम दिलेला, तो टिक करा. एफसीईयूएक्स नावाच्या एम्युलेटरमध्ये पण डेंडी आणि हा स्वॅप दोन्ही आहे, मेसेन नाही आवडला तर तो घ्या.

पुढे पुढे जे डबे आले त्यात वेगळ्या चिप पण राहिल्या नाहीत, बोर्डावर डांबरासारखा एक काळा थेंब आणि त्याच्या आत सगळं मशीन. तो थेंब गेला की डबा गेला, रिपेअर नाही. त्यातल्या बऱ्याच डब्यांमध्ये पण हाच उलटा आवाज पुढे आला.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की नेटवर जिथे तिथे "अचूक एम्युलेटर" म्हणतात ते अमेरिकन माणसाच्या घरातल्या मशीनशी अचूक. ते काम त्यांनी फार मेहनतीने केलंय, मला आदर आहे, पण आपल्या घरात ते मशीन नव्हतं. आपल्या घरात जे होतं ते सुद्धा तितक्याच अचूकपणे मिळतं, फक्त सेटिंग आपल्याला करावी लागते.

स्टँडसमोरचं_पार्लर

काका, हे वाचून लगेच सेटिंग केली, काय सांगू. सर्कसचं म्युझिक ऐकून अंगावर काटा आला.

मुस्तफाचं मी सांगतो, तो माझा विषय. गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, कॅपकॉमचा, १९९३, आणि मुस्तफा हे त्यातल्या चौघांपैकी एकाचं नाव, पिवळी टोपीवाला. बाकीचे जॅक, हॅना आणि मेस. आपल्याकडच्या पार्लरमध्ये गेमलाच मुस्तफा म्हणायचे. पार्लरचे गेम म्हणजे कन्सोल नव्हे, प्रत्येक मशीनमध्ये वेगळा बोर्ड, त्यामुळे एम्युलेटर पण वेगळा. दोन पर्याय, मेम आणि फायनलबर्न निओ. मेम १९९७ पासून चालू आहे आणि त्याचा हेतू जुनी मशीन जतन करायची हा आहे, खेळणं त्याच्यातून आपसूक मिळतं. फायनलबर्न निओ खेळणाऱ्यांसाठी, हलका, कॅपकॉम आणि निओजिओच्या पार्लर गेमवर त्याचा हात बसलेला आहे. तुमच्या लॅपटॉपला मी फायनलबर्नच सांगेन.

पार्लर गेममध्ये लोक जिथे अडकतात ती जागा एकच. गेमची झिप फाइल असते तिच्या आत बोर्डावरच्या एकेका चिपची फाइल असते आणि एम्युलेटर ती नावासकट आणि चेकसमसकट, म्हणजे फाइल आतून अगदी तीच आहे का हे सांगणाऱ्या आकड्यासकट, तपासतो. एम्युलेटरचं व्हर्जन बदललं की त्याला हव्या असलेल्या फाइल पण बदलू शकतात. म्हणून "फाइल मिसिंग" असा लाल मेसेज आला की गेम खराब आहे असं नाही, तुमच्याकडचा सेट दुसऱ्या व्हर्जनसाठीचा आहे. झिप सोडवायची नाही, नाव बदलायचं नाही, तशीच ठेवायची. मुस्तफाच्या बोर्डावर क्यूसाउंडची वेगळी साउंड चिप आहे, मेम तिची वेगळी फाइल मागतो, ती नसली की गेम चालूच होत नाही.

विकत घ्यायचं म्हणाल तर मुस्तफा मिळत नाही. तो एका कॉमिकवर आधारित आहे, हक्क कॅपकॉमकडे एकट्याकडे नाहीत, त्यामुळे २०१८ ला कॅपकॉमने जो मारामारीच्या जुन्या सात गेमचा संच काढला त्यात पण तो आला नाही. त्या संचात फायनल फाइट, कॅप्टन कमांडो, नाइट्स ऑफ द राउंड आहेत, विंडोजवर चालतो, एम्युलेटरची भानगडच नाही, आणि दोन भावांना दिवाळीभर पुरेल. मी घेतलाय, पैसे वसूल.

नियमावली_ताई

स्टँडवाल्यांनी विषय काढलाच आहे तर मी पुढे बोलते, कारण दर वेळी अशा चर्चेत शेवटी कुणीतरी लिंक मागतं. एम्युलेटर बनवणं आणि वापरणं यात गैर काही नाही, अमेरिकेत सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात २००० साली अपील कोर्टाने एम्युलेटर बनवणाऱ्याच्याच बाजूने निकाल दिला होता. पण गेमची फाइल आणि प्लेस्टेशनचं बायोस, म्हणजे कन्सोल सुरू करणारं त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, यावर कॉपीराइट आहे, गेम तीस वर्षं जुना असला म्हणून तो फुकट होत नाही. तेव्हा लिंक मागू नका, देऊ पण नका.

स्वतःकडे प्लेस्टेशनची ओरिजिनल सीडी असेल तर काम सोपं आहे, कुठल्याही साध्या सीडी ड्राइव्हमध्ये ती वाचली जाते. तिची इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची फाइलरूपी नक्कल, काढताना बिन आणि क्यू अशा फाइलच्या जोडीने काढा, आयएसओ नको, कारण बऱ्याच गेममध्ये म्युझिक हे ऑडिओ सीडीच्या ट्रॅकसारखं असतं आणि आयएसओमध्ये ते ट्रॅक येतच नाहीत, मग गेम चालतो पण मुका. नंतर जागा वाचवायला ती सीएचडी या प्रकारात बदलता येते, एका गेमची एक फाइल होते, डकस्टेशन ती थेट उघडतो. डकस्टेशनला बायोस लागतंच, त्याशिवाय तो पुढे सरकत नाही, आणि ते रीतसर मिळवायचा रस्ता म्हणजे स्वतःच्या कन्सोलमधून काढणं.

आणि जे खरोखर मोफत आहे तेही खेळून बघा. आजही लोक एनईएससाठी आणि गेम बॉयसाठी नवीन गेम लिहितात. नोव्हा द स्क्विरल आहे एनईएसचा, टोबू टोबू गर्ल आहे गेम बॉयचा, दोन्ही बनवणाऱ्यांनीच मोफत दिलेत, सोर्सकोडसकट. माझी मुलगी टोबू टोबू गर्लच्या मागे लागलीये, तिला तो जुन्या मशीनचा आहे याने काही फरक पडत नाही.

नेटप्ले_नाशिक

मला खटपट्या दादांशी जरा वाद घालायचाय. रेट्रोआर्कला सोडू नका. दोन कारणं. एक, चित्र. हे गेम काचेच्या फुगीर टीव्हीसाठी काढलेले आहेत, २५६ बाय २४० ठिपके, आणि ते एलसीडीवर टोकदार चौकोन दिसतात, तेव्हा तसे दिसत नव्हतेच. रेट्रोआर्कमध्ये शेडर आहेत, म्हणजे चित्राला जुन्या काचेच्या टीव्हीसारखं (सीआरटी) रूप देणारे फिल्टर, त्यातला सीआरटी जिओम लावा, आय३ च्या ग्राफिक्सवर पण चालतो. सीआरटी रॉयल लावू नका, तो दिसतो सुंदर पण तुमच्या लॅपटॉपचा पंखा बोंब मारेल. चित्राचं प्रमाण चाराला तीन ठेवा, पूर्ण स्क्रीनभर ताणलं की मारिओ जाडा दिसतो.

दुसरं कारण तुमचा भाऊ. दिवाळी झाली की तो मस्कतला परत जाणार ना? रेट्रोआर्कमध्ये नेटप्ले आहे, तुम्ही कोल्हापुरातून आणि तो तिकडून एकाच वेळी काँट्रा खेळू शकता. अट एवढीच की दोघांकडे तोच कोअर, त्याच व्हर्जनचा, आणि गेमची फाइल अगदी तीच हवी, नावाने सारखी पण आतून वेगळी चालत नाही. मेसेन रेट्रोआर्कमध्ये कोअर म्हणून पण मिळतो आणि त्याच्यात डेंडी पण आहे. तेव्हा भाऊ घरी आहे तोवरच दोन्ही लॅपटॉपवर एकसारखं बसवून ठेवा, नंतर फोनवरून सेटिंग समजावणं फार वैतागाचं काम आहे.

रंकाळा_काठी

अरे काय माणसं आहात तुम्ही. मेसेन टाकला, डेंडी केला, स्वॅप टिक केलं. काका, तोच आवाज आहे. भावाला न सांगता कॉल लावून नुसतं म्युझिक ऐकवलं, तो दोन सेकंद गप्प आणि मग म्हणाला डबा सापडला का रे?

नेटप्लेचं डोक्यातच आलं नव्हतं, ते नक्की करणार. सात गेमचा संच पण घेतो. आता थोडं राहिलंय. एक, कीबोर्डवर दोघं खेळायला बसलो की (बायको आणि मी ट्राय केलं) काही बटणं लागतच नाहीत, मी उडी मारली की तिची गोळी बंद. दोन, एचडीएमआयने टीव्हीला जोडलं तर बटण दाबल्यावर जरा उशिरा उडी बसते, लॅपटॉपवर तसं होत नाही. तीन, आमच्या रिमोटला दोन जास्तीची बटणं होती, दाबून धरलं की काँट्रात गोळ्यांचा पाऊस, ते कसं आणायचं? आणि बदकं मारायची बंदूक?

खटपट्या

नाशिकवाल्यांचं नेटप्लेचं पटलं, तेवढ्यासाठी रेट्रोआर्क घ्याच.

कीबोर्डचा दोष तुमच्या लॅपटॉपचा एकट्याचा नाही, साधे कीबोर्ड बटणांच्या जाळीवर चालतात आणि एका वेळी तीन-चार बटणं दाबली की काही जोड्या त्यांना ओळखता येत नाहीत. सेटिंगने सुटत नाही, दोन यूएसबी गेमपॅड घ्या. महाग नको, पण घेताना प्लसचं बटण तिरकं दाबून बघा, स्वस्तातल्या पॅडमध्ये वर दाबलं की आपोआप उजवीकडे पण जातं आणि टँकमध्ये ते फार त्रास देतं, रणगाडा वळतो नको तिकडे.

टीव्हीचा उशीर टीव्हीतच आहे. चित्र सुंदर करायला टीव्ही त्याच्यावर प्रक्रिया करत बसतो. पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड शोधा, बहुतेक फरक तिथेच मिटतो. तरी राहिला तर मेसेनमध्ये रन अहेड आहे, तो १ फ्रेम, म्हणजे एका चित्राएवढा, करा. तो काय करतो तर गेम एक फ्रेम पुढे चालवून तुम्हाला दाखवतो आणि परत मागे येतो, त्यामुळे मूळ गेममध्येच असलेला उशीर पण कमी होतो. प्रोसेसरला काम जास्त पडतं, पण एनईएसला तुमचा आय३ पुरून उरतो.

ती जास्तीची बटणं म्हणजे टर्बो ए आणि टर्बो बी. मूळ फॅमिकॉमच्या कंट्रोलरला नव्हतीच, नकली डब्यांच्या रिमोटला असायची. मेसेनमध्ये कंट्रोलर सेटअप उघडा, टर्बो ए, टर्बो बी असे वेगळे रकाने आहेत, पॅडची वरची दोन बटणं तिथे लावून टाका.

सेव्हचं पण सांगून ठेवतो. सेव्ह स्टेट, म्हणजे गेम मधेच गोठवून ठेवायची सोय, एम्युलेटर अपडेट केला की कधीकधी जुनी उघडत नाही. प्लेस्टेशनच्या गेममध्ये मेमरी कार्डवर गेममधूनच सेव्ह करत जा आणि ती मेमरी कार्डची फाइल मधूनमधून पेनड्राइव्हवर घ्या, ती दुसऱ्या एम्युलेटरमध्ये पण चालते.

सोल्डरकाका

बंदुकीचं मी सांगतो. खटका दाबला की गेम स्क्रीन क्षणभर काळी करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो, बंदुकीच्या नळीतला सेन्सर त्याच क्षणी तो उजेड बघतो. काचेच्या टीव्हीवर चित्र त्याच क्षणी उमटायचं, एलसीडीवर ते उशिरा येतं, तोवर गेमने नेम चुकला असं ठरवलेलं असतं. म्हणून जुनी बंदूक कुणाकडे मिळाली तरी आजच्या टीव्हीवर तिचा उपयोग नाही. मेसेनमध्ये दुसऱ्या पोर्टला झॅपर निवडा, माउस म्हणजे बंदूक, क्लिक म्हणजे गोळी. आणि पहिल्या पोर्टला पॅड लावूनच ठेवा, कारण या गेमच्या एकच बदक येणाऱ्या प्रकारात दुसऱ्या माणसाला साध्या कंट्रोलरने ते बदक हवं तसं उडवता येतं. एकाने माउस धरायचा, दुसऱ्याने बदक पळवायचं.